तळहातावरचं लिस्बन

मी वाकून नाक जवळ नेलं, तशी त्या आजींनी कुंडी चटकन मागे ओढली. मान हलवली, डोळे वटारले आणि स्वतःचा उजवा हात त्या रोपावर ठेवून दाखवला. लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा तळहात हलकेच फिरवला आणि मग तो नाकाशी नेला. मीही तसंच केलं. तळहाताला आलेला वास थेट घरचा होता. थोडा तुळशीचा, थोडा सब्जाचा, आणि त्यात लिंबाच्या सालीची चुणूक.

जूनची 11 तारीख होती. लिस्बनच्या अल्फामा भागातल्या एका उतरत्या गल्लीत, पायऱ्यांवर त्या आजी कुंड्या मांडून बसल्या होत्या. प्रत्येक कुंडीत बारीक पानांचं, चेंडूसारखं गोल रोप, त्यात खोचलेलं कागदी फूल आणि काडीला लावलेली चार ओळींच्या कवितेची चिठ्ठी. या रोपाला तिथे मान्झेरिकु म्हणतात. संत अँथनीच्या सणाचं हे रोप. जिच्यावर जीव जडला असेल तिला ते द्यायचं, अशी जुनी रीत. नाक लावून वास घेतला तर रोप कोमेजतं, अशी समजूत. म्हणून वास घ्यायचा तो हातावरून. आपल्या सब्जाचीच ही बारीक पानांची जात, म्हणजे तुळशीच्या नात्यातली.

गेल्या बारा वर्षांत मी चार वेळा लिस्बनला गेले. पहिल्यांदा कामाच्या निमित्ताने, पुढच्या तीन खेपा पदरचे पैसे साठवून. "एवढं जग पडलंय, मग पुन्हापुन्हा तिथेच काय?" असं घरचे विचारतात. या लेखात मला त्याचंच उत्तर द्यायचं आहे. कुठे खावं, काय पाहावं, कुठे निवांत बसावं हे सगळं यात येईल. पण आधी एका घंटेबद्दल सांगायला हवं.

माझं माहेर वाईजवळचं मेणवली आणि सासर वसई. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या आणि देवळांना वाहिल्या गेल्या. भीमाशंकराला एक आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे आणि आमच्या मेणवलीच्या घाटावर, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णाकाठी एक आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम आहे. लहानपणी आम्ही तिला नुसतं 'घाटावरची घंटा' म्हणायचो. घंटा वसईहून मेणवलीला गेली आणि मी लग्न होऊन मेणवलीहून वसईला आले. या वाटेचं तिसरं टोक लिस्बन. तिथे उतरले त्या पहिल्या संध्याकाळी चर्चची घंटा वाजली आणि मला घाट आठवला. परक्या गावात इतक्या लवकर माहेर आठवावं, याचं माझं मलाच नवल वाटलं.

चावी

दर खेपेला मी ग्रासा नावाच्या टेकडीवरच्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत उतरते. घरमालकीण बाई सत्तरीच्या पुढच्या. इंग्रजी बेताचं, पण बोलायची हौस दांडगी. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातावर किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, "शाव्ह". मी म्हटलं, "चावी". त्या थबकल्या. मग आम्ही दोघी घरभर फिरलो. मी वस्तूकडे बोट दाखवायचं, त्यांनी नाव सांगायचं. बटाट्याला 'बताता', कोबीला 'कोव', काजूला 'काजू', अननसाला 'अनानाश', साबणाला 'साबाँव'. ताटाला त्या 'प्रातु' म्हणाल्या, आणि मला आईची कणीक मळायची परात दिसली. स्वयंपाकघरातून बाहेर आलो तरी शब्द संपेनात. पगार, लिलाव, पिंप, फीत, मेस्त्री, पाद्री, नाताळ हे सगळे त्यांच्याकडूनच आलेले.

त्यातली एक गंमत मला नंतर कळली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोक किल्लीच्या या शब्दाचा उच्चार 'च'नेच करत. पुढे लिस्बनने तो 'श' केला. म्हणजे त्यांच्या राजधानीने सोडून दिलेला उच्चार आपण मराठी माणसांनी कमरेला लटकवून अजून सांभाळला आहे.

या देवघेवीचा हिशेब ज्यांनी मांडला, तो माणूसही आपल्याकडचाच. मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फ दाल्गादो यांचा जन्म 1855 चा, गोव्यातल्या आसगावचा. त्यांनी कोंकणी-पोर्तुगीज कोश केला, लिस्बनमध्ये संस्कृत शिकवलं, आणि पोर्तुगीज शब्द आशियातल्या भाषांमध्ये कुठे कुठे रुजले याचा ग्रंथ 1913 मध्ये प्रसिद्ध केला. उलट दिशेने, आशियातले शब्द पोर्तुगीजमध्ये कसे गेले याचा दोन खंडांचा कोशही त्यांनीच पुरा केला. 1922 मध्ये ते लिस्बनमध्येच वारले. लिस्बनला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला हे नाव ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

उभ्याने सकाळ

लिस्बनची सकाळ पाश्तेलारियात होते. पाश्तेलारिया म्हणजे गल्लीतलं बेकरीवजा कॉफीचं दुकान. आपल्याकडे कोपऱ्यावरचं अमृततुल्य तसं. काउंटरला टेकून उभं राहायचं आणि 'बिका' मागायची. बिका म्हणजे चार घोटांची काळीभोर कॉफी. बसून लांबण लावायची असेल तर 'गालाँव' घ्यावा. तो उंच काचेच्या पेल्यात येतो, दुधाळ आणि आपल्या चवीला जवळचा.

बरोबर अंड्याच्या बलकाचं पाश्तेल. पापुद्र्याची वाटी, आत घट्टसर पिवळं सारण, वर भट्टीच्या आचेचे काळे डाग. हे डाग नसतील तर घेऊ नये. वरून दालचिनीची पूड भुरभुरायची आणि गरम असतानाच खायचं. पहिल्या चाव्याला पापुद्रा कुरकुरतो आणि सारण जिभेवर येतं, तेव्हा डोळे आपोआप मिटतात. जेरोनिमोस मठाशेजारी बेलेममधलं दुकान 1837 पासून हे पाश्तेल करत आलं आहे. त्यामागची कथा अशी सांगतात, की मठांत कपड्यांना खळ करायला अंड्याचा पांढरा भाग लागे आणि उरलेल्या बलकाची मिठाई होई. 1834 मध्ये सरकारने मठ बंद केले आणि मठातली कृती बाजारात आली. बेलेमच्या दारात रांग मोठी असते, पण आत बसायला दालनामागून दालनं आहेत. गल्लीतल्या दुकानांत वेगळ्या हातची पाश्तेलं मिळतात आणि माझा जीव त्यांच्यावरच अधिक आहे.

पहिल्याच सकाळी काचेच्या कपाटात, त्यांच्या तळलेल्या पदार्थांच्या ओळीत, मला तिकोनी काहीतरी दिसलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं 'शमुसा'. आपला समोसा! गोवा आणि मोझांबिक या वाटांनी तो इथे पोचला आणि आता लिस्बनच्या कुठल्याही साध्या कॅफेत मिळतो. बाजूला एक मजूर एका हातात बिका आणि एका हातात शमुसा घेऊन फुटबॉलवर तावातावाने बोलत होता. त्याच्या लेखी तो पदार्थ त्याच्याच गावचा होता. वडापाव खाताना आपल्याला तरी कुठे आठवतं, की त्यातला बटाटाही त्यांनी आणला आणि पावही?

छप्पर नसलेलं चर्च

वसईच्या किल्ल्यात मी अनेकदा संध्याकाळी फिरायला जाते. तिथल्या चर्चना छप्पर नाही. भिंती उभ्या, कमानी उभ्या, आणि वर मोकळं आकाश. लिस्बनच्या मध्यावर, कार्मोच्या टेकडीवर चौदाव्या शतकातल्या चर्चमध्ये पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी उभी राहिले. तीच उंच कमानींची ओळ, तेच उघडं आकाश. फक्त कावळ्यांऐवजी समुद्रपक्षी.

1 नोव्हेंबर 1755, सगळ्या संतांच्या सणाची सकाळ. चर्च भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. साडेनऊच्या सुमाराला भूकंप झाला. जीव वाचवायला लोक नदीकाठी धावले, तर नदीतून लाटा चालून आल्या. मागोमाग आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. कार्मोचं छप्पर त्यात गेलं. डागडुजी अर्धवट राहिली आणि पुढे ते चर्च मुद्दामच तसं ठेवलं गेलं. वसईची घंटा उतरल्यानंतर सोळाच वर्षांनी लिस्बनवर हे आभाळ कोसळलं.

शहर पुन्हा उभं केलं ते मार्किस ऑफ पोंबाल या मंत्र्याने. खालच्या सपाट भागात काटकोनात रस्ते आखले आणि नव्या घरांच्या भिंतींत लाकडाचे पिंजरे बसवले. पुन्हा भूकंप झाला तर घर हलावं पण पडू नये, हा त्यामागचा विचार. भूकंपाआधीचं लिस्बन पाहायचं असेल तर टाइल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात जावं. माद्र द देउश हा मठ 1509 चा, तिथेच हे संग्रहालय आहे. निळ्या-पांढऱ्या फरशांचा सुमारे 23 मीटर लांबीचा एक पट तिथे आहे आणि त्यात भूकंपापूर्वीचा अख्खा नदीकाठ रेखाटलेला आहे. वाडे, चर्च, होड्या, बाजार. पुढे काय होणार याची त्या शहराला कल्पना नाही. मी त्या पटापुढून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालते आणि मग परत उलटी चालत येते.

बेलेमच्या जेरोनिमोस मठात वास्को द गामाची समाधी आहे. हा मठ उभारायला पैसा आला तो आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेल्या करातून, म्हणजे बराचसा आपल्या किनाऱ्यावरच्या मिरीतून. दगडात कोरलेले दोर, प्रवाळ, वेली पाहताना कारागिरीने मन भरून येतं आणि त्याच वेळी घशाशी काहीतरी अडतंही. गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, काय केलं, देवळांचं काय झालं, हे आपण विसरू शकत नाही आणि विसरूही नये. खुद्द लिस्बनही सोसलेलं शहर आहे. रोसियो चौकात आज जिथे राष्ट्रीय नाट्यगृह आहे तिथे इन्क्विझिशनचा वाडा होता. जवळच्या साँव दोमिंगोस चर्चसमोर 1506 मध्ये ज्यूंची कत्तल झाली आणि 2008 मध्ये शहराने तिथे त्याचं स्मारक उभारलं. मी दर खेपेला तिथे क्षणभर थांबते.

आणि एक दगड शोधते. आमच्या वसईसमोरच्या खाडीपासून फार दूर नाही ते घारापुरी. तिथल्या लेण्याच्या दारावर एक कोरीव लेख होता. दियोगु दु कोतु या इतिहासकाराने नोंदवलं आहे, की पोर्तुगीजांनी तो काढून राजाकडे पाठवला, राजाला तो वाचणारा कुणी मिळाला नाही, आणि पुढे तो दगडच हरवला. आपली घंटा कुठे गेली हे वसईला ठाऊक आहे. आपला लेख कुठे गेला हे घारापुरीला ठाऊक नाही. लिस्बनच्या जुन्या भिंतीत वेगळ्या रंगाचा दगड दिसला की माझी पावलं अजून रेंगाळतात.

ताश्कातली दुपार

दुपारी जेवायचं ते ताश्कात. ताश्का म्हणजे घरगुती खानावळ. सात-आठ टेबलं, त्यांवर कागद अंथरलेला, दाराशी फळ्यावर खडूने लिहिलेले दोन-तीन पदार्थ. हाताने लिहिलेला फळा आणि आत दुपारच्या सुट्टीत जेवणारे कामगार दिसले की बेलाशक आत शिरावं.

बसताक्षणी न मागता टेबलावर पाव, ऑलिव्ह, लोणी, कधी चीज येतं. पाहुणचार समजून पहिल्या खेपेला मी सगळं फस्त केलं आणि बिलात ते मांडलेलं पाहून चकित झाले. तिथली रीत अशी, की खाल्लं तर पैसे, नको असेल तर आधीच परत करावं, कुणी वाईट मानत नाही. दुसरी युक्ती अर्ध्या ताटाची. 'मेया दोझ' म्हटलं की अर्धं येतं आणि ते एका माणसाला पुरून उरतं.

सुरुवात 'काल्दु व्हेर्द'ने करावी. बटाट्याचं दाटसर सूप, त्यात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पानकोबी आणि वर सॉसेजची एखादी चकती. मग 'बाकाल्याव', म्हणजे खारवून सुकवलेला कॉड. हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळत नाही, उत्तरेच्या थंड पाण्यातून येतो, तरी यांचा जीव त्यातच. एक-दोन दिवस पाणी बदलत भिजत घालायचा, मीठ उतरवायचं, मग शिजवायचा. कांदा, बारीक बटाट्याच्या काड्या आणि अंड्यात परतलेला प्रकार मला सगळ्यांत आवडतो. पावसाळ्याच्या तोंडावर वसईच्या अंगणात बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांना हा मासा समजावून सांगावा लागणार नाही.

शाकाहारी मंडळींनी 'पैशिन्युश द ओर्ता' मागावं. नावाचा अर्थ 'मळ्यातले मासे' आणि प्रत्यक्षात ती फरसबीची भजी. अख्खी शेंग पिठात बुडवून तळलेली. पोर्तुगीजांकडूनच जपानी लोक ही तळणी शिकले आणि तिची टेंपुरा झाली, असं मानतात. पुरेपूर शाकाहारी जेवण हवं असेल तर लुमियार भागातल्या राधाकृष्ण मंदिराच्या भोजनगृहात जावं. दीवहून मोझांबिकला गेलेली आणि 1975 च्या सुमारास तिथून लिस्बनला आलेली गुजराती कुटुंबं हा तिथल्या हिंदू समाजाचा कणा. तिथे मी गरम फुलका खाल्ला, तेव्हा माझ्या शेजारी एक पोर्तुगीज आजोबा हाताने डाळभात कालवत होते.

गोव्याची खानावळही चुकवू नये. मोरारिया भागात आणि आसपास दोन-चार आहेत. शागुती, सोरपोतेल आणि शेवटी बिबिंक. 'विन्या द आल्योश' म्हणजे द्राक्षाच्या दारूत आणि लसणात मुरवलेलं मांस गोव्यात गेलं, माडाचं व्हिनेगर आणि लाल मिरची लेवून विंदालू झालं, आणि आता या गल्ल्यांत परत येऊन बसलं आहे. याच भागातल्या इन्तेंदेन्त चौकात अंतोनियो कोश्ता यांनी महापौर असताना आपलं कार्यालय हलवलं होतं. त्यांचे वडील, लेखक ओर्लांदो द कोश्ता, मडगावात वाढलेले, आणि घरच्यांनी मुलाला हाक मारली ती कोंकणीत, 'बाबूश'. तोच बाबूश 2015 ते 2024 पोर्तुगालचा पंतप्रधान होता.

कांजा

दुसऱ्या खेपेला मी फेब्रुवारीत गेले आणि पावसात सापडले. लिस्बनचे पदपथ छोट्या पांढऱ्या-काळ्या दगडांचे, पावसात काचेसारखे निसरडे. भिंतीला धरधरून टेकडी चढत घरी आले तोवर नखशिखांत भिजले होते. रात्री ताप भरला. परदेशात, एकटीने, तापात पडून राहणं म्हणजे काय हे ज्याने भोगलं त्यालाच कळेल.

सकाळी दारावर टकटक झाली. घरमालकीण बाई हातात झाकलेला वाडगा घेऊन उभ्या. झाकण काढलं. मऊ शिजलेला भात, कोंबडीचं पातळ पाणी, त्यात मांसाचे बारीक तुकडे, लिंबू पिळलेलं आणि वर पुदिन्याचं एक पान. "कांझा," त्या म्हणाल्या. "आजाऱ्याला देतात. माझी आई द्यायची."

कांजा. कांजी. हा शब्द मल्याळममधून पोर्तुगीजमध्ये गेला, दाल्गादोंच्या कोशात त्याची नोंद आहे. मलबारच्या किनाऱ्यावर आजारी पडलेल्या कुणा खलाशाला कुणीतरी पेज पाजली असेल, तो वाचला असेल आणि तो शब्द घरी घेऊन गेला असेल, असं माझ्या मनाने घेतलं. बाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि मी पहिला घास घेईपर्यंत उठल्या नाहीत. "कोमे, फिल्या," म्हणाल्या. खा, पोरी. मला पोर्तुगीज येत नव्हतं, पण तेवढं कळायला भाषा लागत नाही.

बरी झाले तेव्हा मी गार्सिया द ओर्ता यांच्या नावाच्या बागेत गेले. शहराच्या पूर्वेला, नदीकाठी, 1998 च्या जागतिक प्रदर्शनासाठी वसवलेल्या भागात ती आहे. दूरदेशींची झाडं तिथे लावली आहेत. ओर्ता हे सोळाव्या शतकातले वैद्य. गोव्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. मुंबई बेट त्यांच्याकडे खंडाने होतं. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर, आंब्यावर, हिंगावर, पटकीच्या साथीवर त्यांनी जो ग्रंथ लिहिला तो 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात ते गोव्याच्या वैद्यांना मान देतात, त्यांच्याकडून शिकल्याचं सांगतात. त्यांचं कूळ ज्यू. 1568 मध्ये ते वारले, पुढच्या वर्षी इन्क्विझिशनने त्यांच्या बहिणीला जाळलं, आणि 1580 मध्ये त्यांची हाडं उकरून तीही जाळली. त्या बागेत बाकावर बसून मी बराच वेळ नदीकडे पाहत राहिले. सत्तेने त्यांची राखही ठेवली नाही. त्यांनी लिहिलेला आंबा मात्र राहिला.

बसण्याच्या जागा

लिस्बन हे चढ-उताराचं गाव आहे. पिवळी 28 नंबरची ट्राम जुन्या वस्तीतून, भिंतींना घासून जाते आहे की काय असं वाटावं इतकी अंग चोरून वर चढते. गर्दीमुळे दिवसा तिच्यात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून सकाळी लवकर बसावं आणि पाकीट जपावं. खरं तर पायी चढण्यासारखं सुख नाही, कारण दर चढाच्या शेवटी 'मिरादोरु' असतो. मिरादोरु म्हणजे शहर न्याहाळायचा सज्जा. बाक, एखादं पाइनचं झाड, लिंबू-सरबत देणारी टपरी आणि समोर लाल कौलांचा उतार थेट नदीपर्यंत. माझा आवडता सेन्योरा दु मोन्त. तिथे संध्याकाळी म्हाताऱ्या बायका विणकाम घेऊन येतात. त्यांच्या शेजारी जागा मिळाली तर मी काहीही न करता दोन तास बसते.

दुसरी जागा गुलबेंकियनची बाग. कालुस्त गुलबेंकियन हे तेलाच्या व्यवसायात अफाट पैसा मिळवलेले आर्मेनियन गृहस्थ. शेवटची वर्षं लिस्बनमध्ये राहिले, 1955 मध्ये तिथेच वारले आणि आपला कलासंग्रह या शहराच्या पदरात टाकून गेले. संग्रहालय अप्रतिम आहे, पण मी सांगेन ते बागेबद्दल. तळं, बदकं, बांबूची बेटं, आणि त्यांतून जाणाऱ्या काँक्रीटच्या चौकोनी फरशांच्या वाटा. विद्यार्थी गवतावर पुस्तक तोंडावर घेऊन झोपलेले असतात. दुपारी तिथे डुलकी काढली तर कुणी उठवत नाही.

तिसरी जागा पाण्यावरची. काइश दु सोद्रे धक्क्यावरून पलीकडच्या कासिल्याशला जाणारी फेरीबोट पकडावी. दहा मिनिटांचा प्रवास. कामावरून परतणारे लोक, त्यांच्या हातात भाजीच्या पिशव्या, डोळ्यांत झोप. 1966 चा लाल झुलता पूल बाजूला, मागे सोनेरी होत जाणारं शहर. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये बसलेल्या माणसाला इथे परकं वाटायचं नाही. लिस्बन सगळ्यांत सुंदर दिसतं ते त्याच्यापासून दूर जाताना.

रात्री अल्फामात फादु ऐकावा. दिवे मंद होतात, वाढपी जागच्या जागी थांबतो, काटे-चमचे खाली ठेवले जातात. बोलायचं नाही, खायचं नाही. बारा तारांची पोर्तुगीज गिटार झंकारते आणि काळी शाल पांघरलेली बाई डोळे मिटून गाऊ लागते. हे गाणं बंदरावरच्या गुत्त्यांतलं. एके काळी भल्या घरच्यांनी नाक मुरडलेलं. गायिका अमालिया रोद्रिगेश यांनी ते जगापुढे नेलं, आणि त्या गेल्या तेव्हा देशाने तीन दिवस दुखवटा पाळला. बैठकीची लावणी अदबीने ऐकलेल्या कुणालाही हे गाणं आपलं वाटेल.

एक खंतही सांगायला हवी. आमच्या इमारतीत पहिल्या खेपेला सहा कुटुंबं राहत होती. मागच्या वेळी दोन उरली. बाकीची घरं पर्यटकांना रोजाने दिली जातात. बाईंची चाळीस वर्षांपासूनची शेजारीण उपनगरात गेली. माझ्यासारख्यांच्या येण्याने हे घडतं, म्हणून मी ज्या घरात मालक राहतो तिथेच उतरते, फळ्यावरचं जेवण जेवते, एका गल्लीत आठवडाभर राहते. तुम्हीही तसंच करा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सणाची रात्र

12 जूनच्या रात्री अख्खं लिस्बन रस्त्यावर असतं. दारोदारी लोखंडी शेगड्या, त्यांवर जाडं मीठ लावलेल्या तारल्या. धुराने गल्ली भरून जाते. तारली पावाच्या जाड कापावर ठेवून देतात. बोटांनी काटा काढत खायचं आणि चरबी पावात उतरू द्यायची. दोन-तीन तारल्या झाल्या की शेवटी तो भिजलेला पाव. मालवणात पेडव्यांवर जीव असणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की सगळं त्या शेवटच्या पावात आहे.

बाईंनी मला त्यांच्या गल्लीच्या टेबलावर बसवलं. जुनीच पाहुणी, म्हणून कुणी ओळख विचारली नाही. माझ्या पुढ्यात त्यांनी मी विकत घेतलेली मान्झेरिकुची कुंडी ठेवली. येता-जाता जो तो तिच्यावरून तळहात फिरवत होता आणि हात नाकाशी नेऊन पुढे जात होता.

ती कुंडी अर्थातच तिथेच राहिली. त्या वर्षी गणपतीला मी मेणवलीला गेले. पहाटे आई वृंदावनापाशी पाणी घालत होती. मी तुळशीवर अलगद तळहात ठेवला आणि वास घेतला.

"हे काय गं नवीन?" आईने विचारलं. मी तिला त्या आजींची गोष्ट सांगितली.

"बरोबरच आहे त्यांचं," ती म्हणाली. "देवाला वाहायच्या फुलाला आपण तरी कुठे नाक लावतो?"

दुसऱ्या दिवशी मी माजघराच्या खिडकीत उभी होते. आईने तांब्या खाली ठेवला, हळदकुंकू वाहिलं, प्रदक्षिणा घातली. मग जरा थांबली. ओला हात पदराला पुसला, तुळशीच्या शेंड्यांवरून हलकेच फिरवला आणि तळहात नाकाशी नेला.